दुःखाच्या घरातले हसू

सुतक असलेल्या घरात, दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहून दमलेली मंडळी घाटावरून परतली म्हणजे, कोणी एक आत्या गेलेल्या माणसाच्या चहाच्या वेडाची किंवा विसराळूपणाची एखादी गोष्ट सांगते, आणि इतका वेळ डोळ्यांना पदर लावून बसलेल्या बायका पोट धरून हसू लागतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. त्या हसण्याने कोणाचे दुःख खोटे ठरत नाही. हसून झाल्यावर जे रडू येते ते आधीपेक्षा मोकळे येते. परंतु हाच अनुभव नाटकात किंवा चित्रपटात आणू गेले की बहुधा फजिती होते. शोकाच्या प्रसंगी विनोद घातला तर प्रेक्षकाला तो औचित्यभंग वाटतो, आणि विनोदी कथेच्या अखेरीस मृत्यू आणला तर आपल्याला फसवून आत आणले अशी त्याची तक्रार असते. घरात जे विनासायास घडते ते पडद्यावर इतके दुर्घट का व्हावे?

या कोड्याचा उलगडा करण्यास पेद्रो आल्मोदोवार या स्पॅनिश दिग्दर्शकाचा ‘तोदो सोब्रे मी माद्रे’ – ‘माझ्या आईविषयी सर्व काही’ – हा १९९९ सालचा चित्रपट फार उपयोगी पडतो. अपघाती मृत्यू, अवयवदान, देहविक्रय, अफूजन्य मादक द्रव्यांचे व्यसन, एड्स, गरोदर झालेली ख्रिस्ती जोगीण, आणि स्त्री होऊन गेलेला बाप, अशी त्यातील विषयांची यादी वाचून कोणीही म्हणेल की एवढी संकटे एका कथेत कोंबणारा लेखक अश्रूंचा घाऊक व्यापारी असला पाहिजे. प्रत्यक्षात चित्रपट चालू असताना हशा पिकत राहतो, आणि शेवटी कंठ दाटून येतो तो अपमानित झाल्यासारखा नव्हे. हे साधते कसे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

कथेचा तपशील

मानुएला ही मूळची आर्जेन्टिनाची, माद्रिदमधील एका मोठ्या रुग्णालयात अवयव-प्रत्यारोपणाचे काम पाहणारी परिचारिका. तिचा मुलगा एस्तेबान याला लेखक व्हायचे आहे, आणि बापाविषयी आई काहीच का सांगत नाही हा प्रश्न त्याला छळतो. घरातल्या जुन्या छायाचित्रांचा अर्धा भाग तिने फाडून टाकलेला त्याने पाहिला आहे. त्याच्या सतराव्या वाढदिवशी दोघे टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाला जातात. खेळ संपल्यावर भर पावसात, प्रमुख नटी ऊमा रोखो हिची स्वाक्षरी मिळावी म्हणून मुलगा तिच्या मोटारीमागे धावतो आणि दुसऱ्या मोटारीखाली सापडतो. त्याचे हृदय दान करण्याच्या कागदावर मानुएला सही करते, पुढे नोकरी सोडते, आणि ज्या बार्सेलोनाहून ती गरोदरपणी पळून आली होती तेथे त्या अज्ञात बापाला बातमी सांगावयास निघते.

त्या बापाचे पूर्वीचे नावही एस्तेबान, आताचे लोला. ती काही लवकर सापडत नाही. तिच्याऐवजी मानुएलाला सापडतात त्या अन्य बायका : देहविक्रयावर गुजराण करणारी जुनी मैत्रीण अग्रादो, रस्त्यावरील बायकांत सेवाकार्य करणारी तरुण जोगीण रोसा, आणि जिच्यामागे धावताना मुलगा गेला ती ऊमा. रोसाला लोलापासून दिवस गेले आहेत, आणि त्याच संबंधातून तिला एचआयव्हीची लागणही झाली आहे. बाळंतपणात ती दगावते. मागे राहिलेला मुलगा, तिसरा एस्तेबान, मानुएलाच्या पदरात येतो.

> चौकट : पात्रे आणि कलावंत
> मानुएला – सेसिलिया रोथ. लष्करी हुकूमशाहीच्या काळात, १९७६ साली, कुटुंबासह आर्जेन्टिनातून स्पेनमध्ये आलेली अभिनेत्री.
> ऊमा रोखो – मारिसा पारेदेस. नीना, ऊमाची व्यसनाधीन जोडीदारीण – कांदेला पेन्या.
> अग्रादो – आंतोनिया सान हुआन. लोला – तोनी कांतो.
> रोसा – पेनेलोपे क्रूझ. तिची आई – रोसा मारिया सार्दा. वडील – फर्नांदो फर्नान गोमेस.
> छायालेखन – अफोन्सो बेआतो. संगीत – आल्बेर्तो इग्लेसिआस.
> मान – कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक (१९९९). परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर (२०००). स्पेनची सात गोया पारितोषिके.

तालमीतले दुःख

चित्रपटाच्या आरंभीच एक विलक्षण प्रसंग आहे. रुग्णालयात डॉक्टरांचा एक प्रशिक्षणवर्ग चालू असून मानुएला नुकत्याच विधवा झालेल्या बाईचे सोंग घेऊन बसली आहे. समोरचे दोन डॉक्टर तिला पतीच्या मृत्यूची वार्ता देतात आणि अवयवदानाविषयी विचारतात. बाकीचे शिकाऊ डॉक्टर, आणि त्यांच्याबरोबर एस्तेबान, हे सारे पडद्यावर न्याहाळीत आहेत. थोड्याच वेळाने तसेच दोन डॉक्टर तिच्यासमोर येतात आणि तोच प्रश्न विचारावयाचा असतो. सोंग मात्र संपलेले असते.

या प्रसंगाचे मर्म कळण्यास त्यामागची व्यवस्था थोडी तपशिलाने समजून घ्यावी लागेल. मेंदूला जबर इजा होऊन त्याचे सर्व कार्य कायमचे थांबले तर तो मनुष्य वैद्यकाच्या व कायद्याच्या दृष्टीने मृत असतो. परंतु हृदयाचा ठेका हृदयातच निर्माण होतो, त्याला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. म्हणून श्वसनयंत्र जोवर फुफ्फुसांत हवा भरते आहे तोवर हृदय धडधडत राहते, अंग उबदार राहते, छाती वरखाली होते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे दुसऱ्याच्या उपयोगी पडावयाची तर ती याच अल्प मुदतीत काढली पाहिजेत, आणि नेमक्या याच मुदतीत नातलगांचा, आपला माणूस गेला आहे यावर, विश्वास बसणे सर्वांत कठीण असते.

स्पेनमध्ये १९७९ च्या कायद्याने असे ठरविले की ज्याने हयातीत नकार दिलेला नाही त्याची संमती गृहीत धरावी. तरीही कुटुंबाला विचारल्यावाचून अवयव काढावयाचे नाहीत असा तेथील रुग्णालयांचा शिरस्ता आहे. त्यामुळे सारे काही त्या एका मुलाखतीवर येऊन ठेपते. १९८९ साली राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली, रुग्णालयोरुग्णालयी समन्वयक नेमले गेले, आणि ही मुलाखत कशी घ्यावी याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. आधी मृत्यूची वार्ता, स्पष्ट शब्दांत. मग ती मनात उतरेपर्यंत थांबणे. आणि त्यानंतरच दानाची गोष्ट. दोन्ही एका दमात कधीही सांगावयाची नाहीत. त्या वर्षी दर दहा लाख लोकसंख्येमागे १४ मृत दाते मिळत होते. दहा वर्षांत ही संख्या तिसांच्या वर गेली, आणि १९९२ पासून या बाबतीत स्पेनने जगात अग्रस्थान राखले आहे. आल्मोदोवारला या तालमीने आधीपासून घेरलेले असावे. त्याच्या १९९५ च्या ‘ला फ्लोर दे मी सेक्रेतो’ या चित्रपटाचा आरंभही अशाच प्रशिक्षणवर्गाने होतो, आणि तेथे सोंग घेणाऱ्या परिचारिकेचे नावही मानुएलाच आहे, फक्त अभिनेत्री निराळी.

आता कलेच्या अंगाने पाहा. पहिल्या वेळी आपण तो प्रसंग खोटा म्हणून पाहतो. सोंग छान वठले म्हणून किंचित गंमतही वाटते. दुसऱ्या वेळी तो खरा होऊन येतो तेव्हा त्यातला प्रश्न आपल्याला पाठ झालेला असतो, मानुएलाला तर वर्षानुवर्षे पाठ आहे. म्हणून डॉक्टर बोलू लागताच, त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी, ती कोसळते. भडक शोकनाट्य ज्या आकस्मिक धक्क्यावर जगते तो धक्का दिग्दर्शकाने आधीच काढून घेतला आहे. दचकलेला प्रेक्षक हसू शकत नाही आणि नीट रडूही शकत नाही. दचकणे टळले की दोन्हींना वाट मोकळी होते.

या एका युक्तीची आवर्तने चित्रपटभर चालतात. मानुएलाने तरुणपणी हौशी रंगभूमीवर ‘स्ट्रीटकार’मधील स्टेलाची भूमिका केली होती आणि तिचा नवरा तिच्यासमोर स्टेलाचा नवरा कोवाल्स्की झाला होता, आता ऊमाच्या पदरी असताना नीना ऐनवेळी गैरहजर राहते आणि मानुएला पुन्हा स्टेला होऊन उभी राहते. पुढे ऊमा स्पॅनिश नाटककार लोर्काच्या नाटकातील मुलगा गमावलेल्या आईचे भाषण घोकत असते. खुद्द अपघाताचा प्रसंगही जॉन कॅसाव्हेटिसच्या १९७७ सालच्या ‘ओपनिंग नाइट’मधून घेतलेला आहे : तेथेही नटीच्या स्वाक्षरीसाठी आलेली चाहती पावसात मोटारीखाली जाते. कोणी याला उसनवारी म्हणेल. माझ्या मते येथे प्रत्येक दुःख एकदा रंगभूमीवर हजेरी लावून मगच घरात येते, आणि त्यामुळे ते सोसण्याची भाषा या बायकांच्या तोंडी आधीच तयार असते.

विनोद कोणाच्या मालकीचा?

समाजाच्या कडेला ढकललेल्या माणसांवर विनोद करणे ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. बाईचा वेष केलेला पुरुष नुसता पडद्यावर आला की हसावे, हा आपल्याकडच्या आणि परक्या चित्रपटांचा जुना परिपाठ. येथे अग्रादो येते ती अशा वेळी की बार्सेलोनाबाहेरच्या माळावर, शेकोट्यांभोवती मोटारी घिरट्या घालीत असताना, एक गिऱ्हाईक तिला मारहाण करीत आहे. मानुएला त्याच्या डोक्यात दगड घालते आणि तो आडवा होतो. आणि मग सुजलेल्या चेहऱ्याची अग्रादो काय करते? ती त्याच माणसाला हात देऊन उठवते आणि मदत कोठे मिळेल त्याचा पत्ता सांगते. आपण हसतो, परंतु ते हसू तिच्यावरचे नसते. तिच्या स्वभावातली व्यवहारी दया एकाएकी उघड झाल्याचे ते हसू असते.

या तत्त्वाचा कळस नाट्यगृहातल्या तिच्या भाषणात होतो. ऊमा आणि नीना यांची हातघाईची भांडणे झाल्याने खेळ रद्द होतो आणि ती खबर देण्याचे काम अग्रादोवर येते. पडद्यापुढे येऊन ती म्हणते की ज्यांना परत जावयाचे त्यांनी पैसे घेऊन जावे. जे थांबतील त्यांना मी माझी जीवनकथा सांगेन. आणि मग ती आपल्या देहाचा जमाखर्च मांडू लागते : डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला ऐंशी हजार पेसेता, नाकाला दोन लाख, ते वाया गेले, कारण पुढल्याच वर्षी मार खाऊन ते पुन्हा वाकडे झाले, अशी एकेक रक्कम. खतावणी वाचणाऱ्या कारकुनाच्या सुरात ती बोलते आणि नाट्यगृह हसत राहते. या हिशेबाची बेरीज ती अशी करते की मनुष्य स्वतःविषयीच्या स्वप्नाच्या जितका जवळ जातो तितका तो अस्सल ठरतो.

मार खाल्ल्याची गोष्ट त्या यादीत ओझरती येऊन जाते, हे नीट ध्यानात घ्यावे. दुसऱ्या कोणी ती सांगितली असती तर ती करुण झाली असती, आणि अग्रादोची गणना दयेस पात्र अशा प्राण्यांत झाली असती. तीच सांगते, म्हणून विनोदाची मालकी तिच्याकडे राहते आणि आपण प्रेक्षक तिच्या बरोबरीने बसतो. सुतकाच्या घरात हसवण्याचा अधिकार आत्याला असतो, शेजाऱ्याला नसतो. आल्मोदोवारने हा अधिकार अचूक ओळखला आहे.

चौकातली भेट

मला स्वतःला मात्र सर्वांत मोठे वाटते ते एक अगदी छोटे दृश्य. रोसाची आई श्रीमंत वस्तीत राहून शागालच्या चित्रांच्या बनावट प्रती रंगवते. ती करारी आहे आणि मुलीशी तिचे कधी जमलेले नाही. वडिलांची स्मृती गेली आहे. बाळंतपणासाठी रुग्णालयात जाताना रोसा वाटेत, लहानपणी जेथे खेळली त्या चौकात, टॅक्सी थांबवते. वडील कुत्र्याला फिरवीत आलेले असतात. कुत्रा तिला ओळखतो, वडील ओळखत नाहीत; ते एका अनोळखी तरुणीला विचारावे तसे तिला तिचे वय आणि उंची विचारतात. ती उत्तरे देते.

या प्रश्नांत काही विनोद ‘केलेला’ नाही. स्मृतिभ्रंश झालेली माणसे असेच काहीतरी असंबद्ध विचारतात आणि घरचे लोक त्यावर हसतात, कारण दुसरे काय करणार. दिग्दर्शक येथे संगीत भरून ओतीत नाही. रोसा परत येणार नाही हे आपण जाणत असतो, तिला संशय असतो, बापाला पत्ताही नसतो. ज्ञानाच्या या तीन पातळ्या एका बाकावर आणून ठेवल्या आणि कॅमेरा बाजूला झाला. ज्याला शोकात्म आणि हास्यात्म यांचा संगम म्हणतात तो घडविण्यास याहून अधिक सामग्री लागत नाही.

आईपण कोणाकडे जाते?

या चित्रपटात आईपण हे रक्ताबरोबर येते तसेच एखाद्या हुद्द्यासारखे रिकामे पडते आणि ज्याला भरता येईल तो ते भरतो. रोसाची जन्मदाती आई जिवंत असूनही आईची जागा रिकामी आहे. मुलगा गमावलेली मानुएला प्रथम कुरकुरत, चक्क नकार देत, पण अखेर त्या जागेवर रुजू होते. ती ऊमाचे कपडे सांभाळते, नीनाला सावरते, अग्रादोच्या जखमा पुसते. चित्रपटाच्या अखेरीस जी अर्पणपत्रिका पडद्यावर येते तीत नटीची भूमिका केलेल्या नटी आहेत, अभिनय करणाऱ्या सर्व स्त्रिया आहेत, स्त्री होणारे पुरुष आहेत, आई होऊ इच्छिणारे सर्व जण आहेत, आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शकाची आई आहे. ला मांचा प्रांतातली ही बाई, फ्रान्सिस्का काबाय्येरो, लिहितावाचता न येणाऱ्या शेजाऱ्यांना त्यांची पत्रे वाचून दाखवीत असे आणि वाचताना, ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून, पत्रात नसलेला मजकूर पदरचा घालीत असे. सोंगाविषयीची मुलाची सहानुभूती कोठून आली हे शोधण्यास मग फार दूर जावे लागत नाही.

बाळाच्या रक्तातली शिदोरी

चित्रपटाच्या शेवटाशी एक वैद्यकीय वार्ता येते : रोसाच्या बाळाच्या शरीरातून विषाणू नाहीसा झाला आहे आणि त्याची तपासणी करावयास मानुएला त्याला घेऊन बार्सेलोनाला परत आली आहे. पुष्कळांना हा निव्वळ चमत्कार वाटतो. वस्तुस्थिती अशी आहे की गर्भातील बाळाला आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना ओळखून त्यांच्याशी झुंजणारे पदार्थ, मिळत असतात. माहेरहून निघताना बांधून दिलेल्या शिदोरीसारखी ती काही महिने पुरतात आणि दीड वर्षाच्या आत बहुधा संपून जातात. नेहमीची चाचणी विषाणू न शोधता ही प्रतिपिंडे शोधते, त्यामुळे लागण मुळीच न झालेले बाळही जन्मतः ‘बाधित’ ठरते आणि शिदोरी संपली की ‘मुक्त’ ठरते. शिवाय १९९४ साली असे सिद्ध झाले होते की गरोदरपणी व प्रसूतीच्या वेळी आईला, आणि जन्मानंतर सहा आठवडे बाळाला, झिडोव्हुडिन हे औषध दिले तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर येते. म्हणजे चित्रपटातील भाषा थोडी अलंकारिक असली तरी तिसऱ्या एस्तेबानचे वाचणे त्या काळच्या वैद्यकाच्या कक्षेतले होते. एवढे खरे की १९९०च्या दशकात, मुख्यतः टोचून घेण्याच्या हेरॉइनमुळे, पश्चिम युरोपात एड्सचे प्रमाण स्पेनमध्ये सर्वाधिक होते, आणि लोला किंवा रोसा यांच्यासारखी माणसे प्रेक्षकांना वर्तमानपत्रातून नव्हे, गल्लीतून ठाऊक होती.

कायद्याचे दप्तर

अशी माणसे समाजाच्या ज्या कडेला ढकलली जातात ती कड आखणारा हात बहुधा सरकारी असतो. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, १९७० साली, ‘सामाजिक धोका व पुनर्वसन’ या नावाचा कायदा झाला आणि समलिंगी माणसे व देहविक्रय करणाऱ्या बायका यांना, त्यांनी कोणाचे काही बिघडविले नसतानाही, केवळ धोकादायक म्हणून कोंडून ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. हुकूमशहा १९७५ साली मेला. हा कायदा मात्र तुकड्यातुकड्यांनी निष्प्रभ होत होत १९९५ साली पुरता रद्द झाला. शस्त्रक्रियेची अट न घालता सरकारी नोंदीतील नाव व लिंग बदलण्याची मुभा २००७ साली मिळाली. तेव्हा नाट्यगृहात टाळ्या घेणारी अग्रादो १९९९ सालच्या दप्तरात पुरुषच होती. चित्रपटात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि तो नसणे मला योग्य वाटते. तक्रारअर्ज लिहिला असता तर अग्रादोचा विनोद तिच्या हातून निसटला असता.

एका ठिकाणी मात्र दिग्दर्शकाची ही अविचल क्षमाशीलता मला जड जाते. रोसाला मृत्यूच्या दाराशी नेणारी लोला अखेर तिच्याच अंत्यविधीला प्रकट होते, रडते, पुढे बाळाला कुशीत घेते, आणि चित्रपट तिच्याकडून कसलाही जाब घेत नाही. मानुएला संतापते, पण क्षणभरच. रोसाच्या आईला आपला नातू कोणाच्या हाती होता हे कळते तेव्हा तिचा जो थरकाप होतो, त्याला चित्रपट संकुचितपणा समजतो. मला तो अगदीच निराधार वाटत नाही.

मराठी वाचकाला हा चित्रपट पाहावयाचा असेल तर एक सूचना. विजय तेंडुलकरांनी ‘स्ट्रीटकार’चे ‘वासनाचक्र’ या नावाने मराठी रूपांतर केले आहे; ते मिळाले तर आधी वाचून घ्यावे. विल्यम्सच्या मूळ संहितेत स्टेला अखेरीस नवऱ्याच्याच घरी राहते. आल्मोदोवारच्या चित्रपटातल्या रंगमंचावर ती तान्हे मूल घेऊन, पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही असे बजावून, निघून जाते. हा बदल ज्याच्या ध्यानात असेल त्याला, प्रेक्षागृहात बसलेली मानुएला नेमकी त्या क्षणी का रडते, हे कोणी सांगावे लागणार नाही.